उलटा धरलेला फोटो

जुआझेरू, ८ जून १९८६

लिंदाल्वा,

जाताना दारात उभी राहून तू जे बोललीस, त्यात दोन चुका आहेत. त्या दुरुस्त केल्याशिवाय माझं कामात लक्ष लागणार नाही, म्हणून हे पत्र. दुसरं काही कारण नाही.

तू म्हणालीस, ‘‘अख्ख्या जगातल्या मेलेल्यांचे डोळे उघडून देतोस, अदेमार, आणि मी रोज तुझ्याकडे बघून हसते ते तुला दिसत नाही. ज्या घरात माझ्या तोंडाकडे कुणी बघत नाही, तिथं मी कशाला राहू?’’

पहिली चूक. अख्ख्या जगातल्या नव्हे. आपल्याकडे रंगवायला फोटो येतात ते या खोऱ्यातल्या गावांतून, आणि फेरीवाल्यांनी आणलेच तर शेजारच्या पेर्नांबुकू राज्याच्या सरहद्दीपासून. शवपेटीत काढलेल्या फोटोतले डोळे मी उघडतो हे खरं, आणि माझ्याइतके बेमालूम कुणी उघडत नाही हेही खरं. पण बोलताना हद्द सोडू नये.

दुसरी चूक म्हणजे, मला दिसत नाही. मला! तुझ्या डाव्या भुवईच्या टोकाला तांदळाएवढी जागा आहे, तिथं केस उगवत नाही. उजव्या कानाची पाळी डावीपेक्षा किंचित लांब आहे, आईनं दिलेले जड डूल त्या कानात आधी घालायचीस म्हणून. रागावलीस की कपाळावर दोन उभ्या रेषा येतात. डावी खोल असते, उजवी अर्ध्यात थांबते. त्याआधी नाकपुड्या पांढऱ्या पडतात. गप्प राहायचं ठरवलंस की खालचा ओठ आत जातो. हे सगळं मी समोर फोटो न ठेवता लिहितो आहे. चेहऱ्याकडे न बघणारा माणूस हे लिहू शकेल का, हे तुझ्या बहिणीलाच विचार.

आता हसण्याचं. हसणाऱ्या माणसाकडे टक लावून बघणं मला बरं वाटत नाही. हसणाऱ्याला काहीतरी हवं असतं, नाहीतर आपल्या शर्टाला काहीतरी लागलेलं असतं. आठ्या घातलेला माणूस सरळ. त्याचं म्हणणं कपाळावर लिहिलेलं असतं, वाचलं की झालं.

दुकानाचं ठीक आहे. पूर्वी पुढची खोली तुझी आणि पडद्यामागची माझी होती. डोळे कुठल्या रंगाचे होते, बाईला कानातलं कुठलं हवं, बाप्याला कोट काळा की निळा, हे सगळं तू विचारून घ्यायचीस. आता पडदा मलाच सरकवावा लागतो. परवा एका लग्नाच्या फोटोसाठी सगळं कुटुंब आलं. पडदा सरकवला तर सगळे चेहरे माझ्याकडे वळलेले. त्यांच्यात एक म्हातारी आठ्या घालून बघत होती. बाकीचे कसे बघत होते ते मला विचारू नकोस, मी म्हातारीला उत्तरं देत होतो. कोटाचा रंग विचारायचा राहून गेला. अंदाजाने काळा केला.

फोर्तालेझाला, तुझ्या बहिणीकडे, समुद्राचा वारा फार असतो म्हणे. वाऱ्याने तुझा कान दुखतो. रुमाल बांधत जा.

अदेमार


जुआझेरू, ३० जून

लिंदाल्वा,

तुझं उत्तर आलं नाही. टपालाचा गोंधळ असणार.

एक सुधारणा केली आहे, ती कळवतो. पुढच्या दाराच्या चौकटीवर देवदाराची फळी ठोकली. तिथून आता कुणाला आत येता येत नाही. मी मागच्या अंगणातून ये-जा करतो. फळीला छातीच्या उंचीवर आडवी फट ठेवली आहे, फोटो आणि हात जाईल एवढी. कडा काचकागदाने घासल्या, वर पातळ झिलई दिली. सुतारकाम मी कुणाकडे शिकलो नाही, पण सुताराने येऊन बघावं. आतून मला फक्त हात आणि पोटं दिसतात. काम भराभर होतं. गिऱ्हाईक बोलतं, मी लिहून घेतो, नमस्कार.

लोक बोलणारच. अबदियास तुला आठवत असेल, समोरचा खोगीरवाला. त्याच्या तोंडावर जन्मापासून दुष्काळ. मला हा माणूस पहिल्यापासून आवडतो. तो त्याच्या दारातून ओरडला, ‘‘काय रे अदेमार, पाद्री झालास काय? लोक फोटो द्यायला येतात का पापं सांगायला?’’

‘‘पापं सांगणारे लवकर आटपतात, सेउ अबदियास,’’ मी आतून म्हणालो.

त्याचा धाकटा भाऊ एक्स्पेदितो गेला, हे तुला कळलं का? बर्फाचे गोळे विकायचा तो. तू गेलीस त्यानंतर थोड्याच दिवसांत, भर उन्हात गाडी ढकलताना कठड्यावर टेकला तो उठलाच नाही. त्याची बायको दोना मुंदिन्या गेल्या आठवड्यात आली.

फटीतून आधी हात यायचा असा नियम आहे. तिचं डोकंच आलं.

‘‘अदेमार! आत आहेस ना रे, की तुलाही कुणी रंगवून भिंतीला लावलंय?’’

‘‘दोना मुंदिन्या, फोटो द्या आणि डोकं काढा.’’

‘‘निघत नाही.’’

खरंच अडकलं होतं. आत जाताना जे डोकं जातं ते बाहेर येताना कानाशी थांबतं, हे माझ्या हिशेबात नव्हतं. मी आतून तिचे केस आणि कान चपटे दाबून धरले, बाहेरून अबदियासने खांद्याला धरून ओढलं. ‘‘अरे, खोगीर नाहीये मी, हळू!’’ असं ती ओरडत होती. निघाली. या सगळ्या वेळात ती हसत होती असं अबदियास नंतर म्हणाला. मी कडा बघत होतो. डावीकडची झिलई उडाली.

फोटो एकच आहे. गेल्या वर्षीच्या सेंट जॉनच्या सणातल्या शेकोटीचा, कुणीतरी घाईत काढलेला. एक्स्पेदितोची टोपी मागे गेलेली, हातात भाजलेलं कणीस, आणि तोंड उघडं. पुढचा एक दात नाही.

‘‘हा असाच हवा,’’ ती म्हणाली. ‘‘जसा आहे तसा. मोठा करून दे.’’

सगळे असंच म्हणतात. तसंच्या तसं दिलं की मग टाय कुठे गेला म्हणून भांडतात. या धंद्यात गिऱ्हाइकाचं म्हणणं ऐकायचं नसतं, समजून घ्यायचं असतं. निळा कोट, गडद लाल टाय, मागे आकाशी रंग. कणीस काढून टाकलं. तोंड मिटलं. ओठांची रेघ इतकी स्वच्छ आली आहे, की तू असतीस तर नक्की काहीतरी बोलली असतीस.

अदेमार


जुआझेरू, २० जुलै

लिंदाल्वा,

माझ्या हातचं काम आजवर परत आलं नव्हतं. आलं.

मुंदिन्याने तसबीर फटीसमोर धरली. या वेळी डोकं घातलं नाही, एवढं शहाणपण आलेलं आहे.

‘‘माणूस फार सभ्य आहे रे,’’ ती म्हणाली. ‘‘देखणा आहे. कोण आहे हा?’’

‘‘तुमचा नवरा.’’

‘‘माझ्या नवऱ्याने जन्मात टाय घातला नाही. मिळाला असता तर त्याने बर्फाचं पोतं बांधलं असतं. आणि तोंडाला काय झालंय याच्या? शिवलंस?’’

मी शांतपणे सांगितलं, भिंतीवरच्या माणसाचं तोंड मिटलेलंच असतं. या खोऱ्यात एकाही घराच्या भिंतीवर दात दिसत नाहीत. गांभीर्य असावं लागतं. शेजारी येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर असते.

‘‘गांभीर्य असलेला दीर आहे मला. समोरच राहतो,’’ ती म्हणाली. ‘‘हे बघ बाबा, एक्स्पेदितोचे दात मला माहीत आहेत, जो नव्हता तोसुद्धा. मला तो दे. चौदा सप्टेंबरला नवीकरण आहे आमच्याकडे. त्याच तारखेला आमचं लग्न लागलं होतं. त्या दिवशी हा पाहुणा भिंतीवर नको.’’

तुला माहीतच आहे, नवीकरणाला सगळी गल्ली लोटते. पवित्र हृदयासमोर वर्षाची प्रार्थना होते आणि भिंतीवर नवीन कोण लागलं ते सगळे बघतात. तिथं माझं काम ‘कोण आहे हा’ म्हणून लागणार असेल, तर दुकान बंद केलेलं बरं.

तेव्हा पुन्हा बसलो. नवीन प्रत मोठी करून घेतली, फिकी, रंग धरेल अशी. टोपी केली. कणीस केलं, दाणा न् दाणा. कणीस धरलेला अंगठा केला, त्याच्या नखाखाली काळं होतं तेही केलं. मग तोंडाकडे आलो आणि नजर कणसावर गेली. पुन्हा तोंडाकडे आणली, टोपीवर गेली. ओल्या फरशीवर पाय ठरत नाही, तशी ती ठरेना. मला वाटलं, फोटो तिथं खराब असेल, शेकोटीचा उजेड पडून जळला असेल. म्हणून भिंग घेतलं.

फोटो तिथं अगदी स्वच्छ आहे. दातांच्या कडा मोजता येतील इतका.

खाली मान घालून बसलो, आणि कान तापले. फोटोतला माणूस, तोही मेलेला, आणि माझे कान तापले. हे तुला का लिहितो आहे ते मला माहीत नाही. तू म्हणालीस त्याच्याशी याचा संबंध जोडू नकोस. ही कामातली अडचण आहे, बाकी काही नाही.

तिकडून ब्रश पाठवशील का, खारीच्या केसाचा, सगळ्यात बारीक? इथं मिळतात ते झडतात.

अदेमार


जुआझेरू, १७ ऑगस्ट

लिंदाल्वा,

जमलं. पद्धत माझी आहे, कुणी शिकवलेली नाही.

फोटो उलटा करायचा, डोकं खाली. मोठी प्रतही उलटीच लावायची. मग एका पुठ्ठ्याला बोटाच्या नखाएवढं भोक पाडायचं आणि ते फोटोवर ठेवायचं. भोकातून दिसेल तेवढंच रंगवायचं, मग पुठ्ठा सरकवायचा. लिंदाल्वा, उलट्या फोटोत हसू नसतंच! एक काळी जागा असते. तिच्यात काही फिकट चौकोन, दोन बाजूंना ताणलेल्या घड्या, एका ठिकाणी चौकोन नसलेला. एवढंच. मी त्या काळ्या जागेकडे हवा तितका वेळ बघितलं. नजर कुठेही गेली नाही. दात कधीच नुसते पांढरे नसतात, कडेला निळसर आणि मुळाशी विटकरी असतात, हे मी आता कुणालाही शिकवू शकेन. गाल वर जातो तेव्हा डोळ्याखाली जी फुगीर पट्टी येते तिची सावलीसुद्धा पकडली.

पूर्ण झाल्यावर मी तसबीर सरळ करून बघितली नाही. गरज नव्हती. मापं जुळली होती. तशीच कागदात बांधली.

मुंदिन्या आली. मी फटीतून दिली. बाहेर कागद फाटल्याचा आवाज आला. फटीतून मला तिचं काळ्या झग्यातलं पोट दिसत होतं, ते वरखाली होत होतं. मला वाटलं, आलं परत. मनात उत्तरं जुळवायला लागलो. तेवढ्यात तिचा हात आत आला आणि त्याने माझं मनगट धरलं.

‘‘नवीकरणाला तूच येऊन टांग,’’ ती बाहेरून म्हणाली. आवाज घोगरा होता. ‘‘ज्याने परत आणला त्याने टांगावा.’’

‘‘मला गर्दीत जमत नाही, दोना मुंदिन्या. खिळा कुणीही ठोकेल.’’

‘‘कुणीही नको.’’

‘‘हात सोडा. ब्रश वाळतोय.’’

‘‘वाळू दे. हो म्हण, मग सोडते.’’

परवाच एक पट्टी ठोकून फट मी एका हातापुरती अरुंद केली आहे. तिचा हात आणि माझं मनगट मिळून ती पार भरून गेली. मी मागे ओढलं तर सालटं निघालं असतं. बोटांना थंड घाम आला होता तो तिलाही कळला असणार, पण तिने पकड सैल केली नाही. मी हो म्हणालो.

तर चौदा सप्टेंबर, रविवार, दुपारी, मुंदिन्याच्या घरी. तू ये असं मी म्हणत नाही. तारीख फक्त माहितीसाठी. फोर्तालेझाची बस हल्ली वेळेवर येते असं लोक म्हणतात.

अदेमार


जुआझेरू, १५ सप्टेंबर

लिंदाल्वा,

काल गेलो होतो. दिलेला शब्द पाळला, आणि आता पुन्हा असं काही करणार नाही.

निळा शर्ट घातला, तू शेवटचा इस्त्री केलेला. हातोडी, खिळा आणि ओळंबा माझा. मुंदिन्याची पुढची खोली आपल्या पडद्यामागच्या खोलीएवढीच, आणि तिच्यात सगळी गल्ली. मधून वाट करत मला भिंतीशी पोचवलं. तोवर मी जमिनीकडे बघत होतो. चपलांवरून किती लोक आहेत याचा अंदाज येतो, तो फार वाईट आला.

मी खिळा ठोकला, ओळंबा लावला, तसबीर टांगली. पवित्र हृदयाची तसबीर बोटभर वाकडी होती, तीही सरळ केली. एक्स्पेदितोकडे बघितलं नाही, चौकटीच्या कडा बघितल्या. मग वळावं लागलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. भिंत पाठीला, माणसं पुढे, आणि दार त्या सगळ्यांच्या पलीकडे. आणि समोरच अबदियास. त्याच्या कपाळावर मी इतक्या आठ्या कधी पाहिल्या नव्हत्या. मधली आठी तुटून दोन झाली होती, जबडा आवळलेला, नाकाच्या बाजूची शीर उडत होती. ते कपाळ मी आत्ता इथं काढून दाखवू शकतो. मला कळलं, काम बिघडलेलं आहे. भावाची चेष्टा केली असं त्याला वाटतंय, आणि बाकीच्यांनाही तसंच वाटत असणार. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. प्रार्थनेचा काही भाग असावा. कुणीतरी पाठीवर थाप मारली, मुंदिन्याने मक्याच्या केकचा तुकडा हातात कोंबला. तो मी हातातच धरून ठेवला, त्याचा भुगा झाला.

आता पुढचं मुद्दाम कळवतो, म्हणजे कुणाकडून भलतंसलतं तुझ्या कानावर जायला नको.

खिडकीशी एक बाई उभी होती. हातात अलुआचा पेला, डोक्याला रुमाल. अबदियासच्या कपाळावरून नजर सुटली ती चुकून तिच्यावर गेली. तर तिने माझ्याकडे बघून दात दाखवले आणि डोळा मारला! पवित्र हृदयासमोर, सगळ्या गल्लीदेखत, एका विवाहित माणसाला! हे काम बघून माझी टर उडवत होती की आणखी काही, ते तिचं तिला माहीत. मी तोंड फिरवलं. माझ्या जागी कुठल्याही सरळ माणसाने फिरवलं असतं. मग स्वयंपाकघरातून, बिस्किटांची ताटं ओलांडून, मागच्या दाराने बाहेर पडलो. मागे फटाके सुरू झाले होते. प्रत्येक फटाक्याला मला वाटत होतं की तो माझ्याच पाठीवर फुटतोय.

घरी येऊन फळीचे खिळे आणखी पक्के केले.

तेव्हा माझ्याकडून तुला कसलीही काळजी नसावी. बाकी तुझी इच्छा.

अदेमार


जुआझेरू, २८ सप्टेंबर

लिंदाल्वा,

उत्तर नाही. एक ओळसुद्धा नाही. मी असं काय केलं ते तरी कळव. डोळा मारणारीला मी काही बोललोसुद्धा नाही.

अदेमार


जुआझेरू, ५ ऑक्टोबर

लिंदाल्वा,

काल अबदियास आला. फटीशी नाही, मागच्या अंगणातून सरळ आत, खोगिराचा वास घेऊन. माझ्या स्टुलावर बसला.

‘‘माझाही एक काढून ठेव,’’ म्हणाला. ‘‘मेल्यावर मुंदिन्या कुठला तरी भलताच फोटो देईल. मी हसत नाही. तुला सोपं जाईल.’’

मी म्हणालो, ‘‘मला वाटलं, तुम्ही माझ्यावर चिडला आहात, सेउ अबदियास. त्या दिवशी तुमचं कपाळ मी पाहिलं.’’

‘‘चिडू कशाला? भिंतीवर एक्स्पेदितो हसत होता रे, गाडी घेऊन कोपऱ्यावरून यायचा ना, तसा. सगळ्यांदेखत रडायला लागलो असतो. तोंड आवळून उभा होतो नुसता.’’ मग तो माझ्या बाटल्या हलवून बघत बसला, त्या कुणी हलवलेल्या मला आवडत नाहीत. ‘‘सगळे खूश होते. टाळ्या वाजवल्या तुझ्यासाठी. तू मात्र केक घेऊन पळालास. आणि बायकोशी असं वागतात होय, माणसा? एवढ्या लांबून आली बिचारी.’’

‘‘कुणाची बायको?’’

‘‘माझी तर नाही ना. माझी वर गेलीय. लिंदाल्वा! खिडकीशी उभी नव्हती का, निळा रुमाल बांधून? तुझ्याकडे बघून हसली, आम्ही सगळ्यांनी पाहिलं. तू तिच्याकडे बघितलंस आणि तोंड फिरवलंस. पेला ठेवला तिने. मुंदिन्याला म्हणाली, बघितलं ना, मावशी. आणि संध्याकाळच्या बसने गेली.’’

मी म्हणालो, ती लिंदाल्वा नव्हती. त्या बाईने डोळा मारला होता.

अबदियासने माझ्याकडे असं बघितलं, की त्याच्या कपाळावरच्या सगळ्या आठ्या गेल्या. आठ्यांशिवाय तो मला ओळखूच येईना.

‘‘डोळा मारला नाही रे बाबा. हसली की तिचा एक डोळा मिटतो. पार मिटतो. बर्फाची गाडी आली की रोज मिटायचा. एक्स्पेदितो तिला चिडवायचा की, बाई, अर्ध्या डोळ्याने बघता म्हणून गोळा अर्धाच देतो.’’

‘‘मिटत नाही,’’ मी म्हणालो. ‘‘तिचे डोळे मला माहीत आहेत.’’

‘‘अख्ख्या गल्लीला माहीत आहे, अदेमार.’’

तो गेल्यावर मी मुंदिन्याकडे गेलो. तिला म्हटलं, ओळंबा तपासायचा आहे. तिने स्टूल दिलं आणि ती आत गेली. मी एक्स्पेदितोसमोर उभा राहिलो, तो सरळ, मी सरळ. नजर कणसावर गेली. अंगठ्यावर गेली. मग तोंडावर आली आणि मी ती तिथं धरून ठेवली. कान तापले, पाठीवरून घाम गेला, कुणी बघतंय का म्हणून दोनदा मागे पाहिलं. फार वेळ नाही जमलं. पण लिंदाल्वा, तो माझी टर उडवत नव्हता. त्याला माझ्याकडून काही नको होतं. तो कणीस चांगलं भाजलंय म्हणून हसत होता.

ते तोंड माझ्या हातचं आहे, आणि मी ते काल पहिल्यांदा पाहिलं.

आता तुझं चित्र काढायला बसलो आहे. भुवई आली, तांदळाएवढ्या जागेसकट. कानाची पाळी आली. कपाळावरच्या दोन रेषा तर हात आपोआप काढतो. मग त्या खरवडल्या, कारण हसताना त्या नसणार. आणि तिथं अडलो. त्या रेषांशिवाय तुझं कपाळ कसं असतं ते मला ठाऊक नाही. तुझा उलटा धरावा असा फोटोही घरात नाही. लग्नाचा आहे, तो मीच रंगवलेला आहे. त्यात तुझं तोंड मिटलेलं आहे.

एक डोळा मिटायचा आहे. कोणता? मला वाटतं, डावा. पण मी नीट पाहिलं नाही, आणि अबदियासला विचारायला धीर झाला नाही. खात्री नसताना मी रंग लावत नाही, हे तुला माहीत आहे.

फळी काढायला घेतली होती. वरचे खिळे निघाले. खालचे मीच त्या दिवशी इतके पक्के केले आहेत की पकड सटकते. त्यामुळे तू मागच्या अंगणातून ये.

आणि हे नीट वाच. येताना हसत येऊ नकोस, मला पुन्हा कळणार नाही. दारात उभी राहा आणि आठ्या घाल, डावी रेघ खोल, उजवी अर्धवट. ती दिसली की मी नक्की वर बघणार, तिथं माझी नजर आपोआप जाते. वर बघितलं की मग हस. मी मान खाली घालायला लागलो तर माझं मनगट धर, मुंदिन्याने धरलं होतं तसं. मी ब्रश वाळतोय म्हणेन, गिऱ्हाईक आलंय म्हणेन.

सोडू नकोस.

अदेमार